तिसऱ्या मजल्यापर्यंतचा रंग

मी एक जुना ट्रॅक्टर आहे. आहे म्हणायचं, एवढंच. मित्रांनो, कधी इंदुरात सांवेर रोडवर धनेश मिस्त्रीच्या वर्कशॉपमागे आलात, तर कडुलिंबाखाली टायर नसलेलं एक धूड दिसेल. तोच मी. माझ्या इंजिनाच्या कुशीत मुठीएवढं भोक आहे. त्यात हल्ली सरडा राहतो. राहू दे बापडा, कुणाच्या तरी कामी आलो.

पस्तीस हॉर्सपॉवरचा होतो मी. गजाननरावांनी मला आणलं, तेव्हा सुदामा नगरात त्यांच्या दारापुढे अख्खी गल्ली जमली होती. घर शहरात, शेत सांवेरकडे, आणि मी दोन्हीकडचा. गहू, सोयाबीन, बटाटा, सगळं ओढलं. गजाननराव माझं फार करायचे. सकाळी आधी माझं ऑइल बघायचे, मग स्वतःचा चहा. काम संपलं की लगेच बंद करायचे नाहीत, दोन मिनिटं नुसतं धडधडू द्यायचे. "थांब, दम खा," म्हणायचे. असा मालक मिळाला म्हणून मी ताठ्यात असायचो.

पण माझा खरा दिवस रंगपंचमीचा. त्या दिवशी इंदुरात गेर निघते, राजवाड्यापुढून रंग उधळत जाणारी मिरवणूक. माझ्यामागे रंगाच्या पाण्याचा टँकर आणि माझ्या इंजिनावर चालणारी तोफ. इंदूरकर तिला मिसाइल म्हणतात. आमच्याकडे सगळंच जरा मोठ्यानं असतं. त्याच रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर गजाननरावांची थोरली बहीण राहायची, कुमुदिनीआक्का. गुडघे गेले आणि आक्कांचा जिना सुटला. मग दरवर्षी त्यांच्या खिडकीखाली गजाननराव मला थांबवायचे, जोर लावायला लावायचे, आणि लाल धार थेट तिसऱ्या मजल्यावर. आक्का मुद्दाम पांढरं पातळ नेसून बसायच्या. "गजा, भिजवलंस रे मेल्या!" अशा ओरडायच्या की ढोल मागे पडावेत. बहीणभावाची रंगपंचमी ती तेवढीच.

मग गजाननरावांची नजर अधू झाली आणि मी त्यांच्या मुलाच्या, नचिकेतच्या हातात आलो. पोरगा वाईट नाही हो. पण ऑफिसातून वेळ कुठे? ऑइल काळं झालं, एअर फिल्टर मातीनं बुजला. मी धापा टाकायचो, चढावर रडायचो. "चालतोय न, चलने दो," म्हणायचा. गेल्या रंगपंचमीला माझी धार दुसऱ्या मजल्यावरच बसली. आक्कांनी खिडकीतून हात खाली लांबवला होता. तो कोरडाच राहिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यंदा आक्का फारच खंगल्या होत्या. त्यांनी भावाला निरोप पाठवला: "यंदा भिजव रे. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही." तेव्हा कुठे घरात धावपळ झाली. रंगपंचमीला उरले होते तीन दिवस.

धनेशनं माझा आवाज ऐकला आणि मान हलवली. "काकाजी, पिस्टनच्या रिंगा घिसल्यात याच्या. पस्तीसचे पंचवीस हॉर्सपॉवर राहिलेत. इंजन खोलू द्या, गेलेली ताकद वापस आणतो. पण दहा-बारा दिन लागतील."

"टाइमच नाहीये न भिया," नचिकेत म्हणाला. "दुसरं काही कर. जुगाड."

"डिझेल पंपाचं सील तोडून डिझेल वाढवता येतं. जोर येईल. पण ते झेपायचं नाही याला. आणि धूर काढेल."

मला वाटलं, गजाननराव नाही म्हणतील. आयुष्यभर "दम खा" म्हणणारा माणूस तो. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "एकच दिवस काढ रे बाबा. आक्कासाठी." आणि सील तुटलं.

सांवेर रोडच्या मोकळ्या मैदानात तोफ चालवून पाहिली. धार कडुलिंबाच्या शेंड्यावरून गेली! नचिकेत नाचला, मीसुद्धा फुशारलो. माझ्या धुराड्यातून काळा लोट निघत होता, पण तो वाऱ्यानं शेताकडे नेला. कुणी तिकडे बघितलंच नाही.

रंगपंचमीला आम्ही आक्कांच्या खिडकीखाली थांबलो. दोन्हीकडे उंच घरं, वारा नावाला नाही. आक्का पांढऱ्या पातळात बसल्या होत्या. नचिकेतनं जोर लावला. आधी माझा धूर वर गेला. सरळ, काळा, डोळे झोंबवणारा. आक्कांना खोकल्याची उबळ आली. त्यांची सून शमिका धावत आली, तिनं त्यांना आत ओढलं आणि खिडकी लावून घेतली. आणि त्याच वेळी माझी धार तिसऱ्या मजल्यावर पोचली, बंद दारांवर धाडधाड आपटली. "बंद कर!" गजाननराव ओरडले. नचिकेतनं ऐकलं तोवर माझ्या पोटात काहीतरी तुटलं आणि कूस फोडून बाहेर आलं. मी रस्त्यातच थंड पडलो. मागची गेर मला वळसा घालून पुढे गेली.

नंतरचं नचिकेत इथे धनेशजवळ रडत बोलला, म्हणून मला कळलं. गजाननराव तीन जिने चढून गेले. आक्का धापा टाकत म्हणाल्या, "काय रे गजा, यंदाही रंग नाही न आला?" गजाननरावांनी खिडकीचं दार ओढून बाहेरची लाल बाजू दाखवली. आक्कांनी बोट फिरवलं. उन्हानं रंग वाळून गेला होता. बोटाला काही लागलं नाही.

गणपतीच्या आधीच आक्का गेल्या.

मित्रांनो, मला ताकद नको होती, काळजी हवी होती, आणि तीही वर्षभर, तीन दिवसांत नव्हे. तुमच्या घरात कुणी धापा टाकत असेल, मशीन असो की माणूस, तर त्याला आधी दम खाऊ द्या, काय दुखतंय ते विचारा. माझं तर होऊन गेलं. गजाननराव अजून येतात. सवयीनं ऑइलची पट्टी ओढतात, रुमालानं पुसतात, पुन्हा घालून बघतात. ती कोरडीच निघते. मग दोन मिनिटं माझ्याजवळ उभे राहतात आणि जातात.