ओशुन आमच्याच हॉलमध्ये

माझ्या बायकोला, व्हर्लीनला, पुरण्याच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून होतो. हॉलमध्ये तिच्या आफ्रिकी धर्माच्या पुजाऱ्यांचा विधी चालला होता आणि मी त्यांची दीक्षा घेतलेली नाही, म्हणून मला माझ्याच घरात मज्जाव.

तसा तो हॉल माझा कधी होता? सकाळी तिथे तिची शाळा भरायची. आमच्या फिलाडेल्फियातल्या गल्लीतली पोरं योरुबा या आफ्रिकी भाषेत आकडे घोकायची, आफ्रिकेतल्या राज्यांचा इतिहास शिकायची. संध्याकाळी भाडेकरूंच्या सभा, नळाच्या पाण्यातल्या शिशाविरुद्धच्या मोर्चाचे फलक. कोपऱ्यात पिवळ्या कापडाखाली तिच्या ओशुनचं, म्हणजे नदीदेवीचं भांडं; देवी त्यातच राहते म्हणे. माझा सोफा तळघरात.

मी सगळ्यांना बजावलं होतं, माती झाली की शाळा उचला. चर्च त्या भांड्यापायी शाळेला जागा देईना, म्हणजे शाळा बंदच. होऊ दे. मला शांत घर हवं होतं.

आत कवड्या टाकून देवीला विचारत होते, व्हर्लीनमागे ती कुणाकडे राहणार की तिचं भांडं नदीत सोडायचं.

दार उघडलं. पुजारी बाबा अकिनलाना गुडघे धरत बाहेर आले. मागे शाळेत शिकवणारी, व्हर्लीनने दीक्षा दिलेली तिची धर्मलेक अयोडेले, डोळे सुजलेले.

"राहते म्हणाली," बाबा म्हणाले.

"मग न्या कुणीतरी."

"सगळ्यांची नावं विचारली. नाहीच म्हणते."

"मलासुद्धा नाही म्हणाली, काका," अयोडेले म्हणाली.

"मग कोण?"

बाबांनी माझाच फ्रिज उघडून पाणी घेतलं. "तू."

"अहो, मी चर्चला जाणारा बाप्टिस्ट आहे!"

"तिला ठाऊक आहे ते."

"मला त्यातलं काही येत नाही."

"भांडं तुझ्याकडे, सेवा व्हर्लीनची धर्मलेकरं करतील. येतील रोज."

"म्हणजे पुन्हा सगळी वरात माझ्याच घरी! आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तू आत जा आणि तिला सांग. मी नाही सांगणार."

मी उठलो. दारापर्यंत गेलो. मला न विचारता सगळं ठरवून टाकायचं, ही व्हर्लीनची जन्माची खोड. मेल्यावरही सुटली नाही. इतका राग आला की तिच्याशी भांडावंसं वाटलं, आणि भांडायला ती नव्हती.

"सोमवारी भरवा शाळा," मी म्हणालो. "पण मंगळवारची सभा बुधवारी घ्या. मंगळवारी मी कबरीवर जाणार. परत आल्यावर मला दारात माणसं नकोत."

"बरं, काका," म्हणून अयोडेले माझ्या खुर्चीत बसली आणि हमसून रडायला लागली. मला उभंच राहावं लागलं.