मशीनच्या फळीवरची झोप

आमच्या पायमशीनला उजव्या हाताला एक जादा फळी आहे. शिवलेलं कापड खाली पडू नये म्हणून यांनी ती ठोकली, पण तिच्यावर कापडापेक्षा माझी लेकच जास्त झोपली. दुपटं दुहेरी घालायचं, कडेला तयार शर्टांचा गठ्ठा लावायचा आणि पाय मारायला सुरुवात करायची. खडखडाट असा, की फळी थरथरायची आणि शेजारचा घड्याळजी भिंतीवर ठोकायचा. आणि ही बाई गाढ झोपेत! म्हणून तिला शहाणी म्हणायला लागलो.

"पोटात असल्यापासून कामाची सवय आहे हो तिला," मी गिऱ्हाइकांना ऐकवायची. काय तो माझा तोरा! आठवलं की अजून हसू येतं आणि लगेच डोळे भरतात.

एकदा मशीनचा पट्टा तुटला. खोली शांत झाली आणि शहाणी उठून रडायला लागली. हे म्हणाले, "उलटंच काहीतरी आहे हिचं." मी म्हटलं, "बापावर गेलीय." हसत हसत मी तिला मांडीवर घेऊन गप्प केलं. तेवढ्यात यांच्या हातून मोठी लोखंडी कात्री सुटली आणि तिच्या मागेच फरशीवर आदळली. मी किंचाळले. ती मात्र माझ्या ब्लाउजच्या हुकाशी खेळत राहिली. आमचं हसणं तिथेच संपलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवस गेले होते तेव्हा अंगावर पुरळ उठलं होतं का?"

उठलं होतं की! तिसऱ्या महिन्यात, बारीक ताप आणि गुलाबी पुरळ. सगळे म्हणाले, उष्णता आहे.

"रुबेला. आईला किरकोळ वाटतो, पण पोटातल्या बाळाचे कान, डोळे, हृदय, कशालाही सोडत नाही. तुमचं नशीब, नुसत्या कानांवर भागलं."

नशीब म्हणे! असा संताप आला, वाटलं बाईंचं टेबलच उलटं करावं. पण त्याच बाईंनी खुणांची भाषा शिकवणारी शाळा शोधून दिली, म्हणून माफ केलं.

मग आमच्या घरात भांडणंसुद्धा हातांनी व्हायला लागली. शहाणीला राग आला की ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. झालं, आमची बोलती बंद! किती गोड दिवस होते ते.

तीच शहाणी आता आई झाली. तिचं बहिरेपण बाळाकडे जाणार नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. तरी तिचे दिवस भरेपर्यंत शिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला मी दारातूनच परतवून लावलं. नातू झाला. दवाखान्यात त्याच्या कानांची तपासणी केली, तर म्हणे नीट झाली नाही, कानात पाणी असेल, पुन्हा आणा. मन चिंती ते वैरी न चिंती. मी त्याच्या कानाशी टाळी वाजवायला हात उचलायची आणि तसाच खाली घ्यायची. नसलं ऐकू येत तर?

आज सकाळी तो काही केल्या झोपेना. शहाणीनं सरळ त्याच फळीवर दुपटं घातलं, त्याला निजवलं आणि मी नको म्हणायच्या आत मशीनवर पाय मारला. खडखडाट झाला आणि नातवानं हातपाय झाडून असा टाहो फोडला की विचारू नका. घड्याळजीनं सवयीनं भिंत ठोकली. त्या ठकठकीनं पोरगं क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा रडायला लागलं.

शहाणीनं घाबरून त्याला उचललं, दुपट्यात टाचणी आहे का बघितलं. मी खाली फतकल मारून बसले होते, रडत होते आणि हसतही होते.

"काय झालं त्याला?" तिनं एका हातानं विचारलं.

"आवाजाला घाबरला गं! मशीनच्या आवाजाला!"

ती मशीनकडे बघत राहिली.

"इतका आवाज आहे हिला?"

"कान किटवणारा."

तिनं बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि फळीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून हातांनी म्हणाली, "मला वाटायचं, तू मला थोपटतेयस."