नांगराखालचं गवत

थोरली समुद्राच्या तळाशी गवत लावायची. "जमिनीवरचं संपलं का?" असं विचारून लोक हसायचे, तीही हसायची. पूर्वी खाडीच्या तोंडाशी या गवताची कुरणंच होती. जाळी ओढून ओढून ती गेली, मग तळाची वाळू सुटली आणि किनारा खचू लागला. दोघी बहिणींच्या घरामागचा रस्ता एका बाजूने पाण्यात गेला होता.

थोरली हवेचं नळकांडं पाठीला बांधून रोपं लावायला खाली उतरायची आणि धाकटी वर होडी सांभाळायची. धाकटीला इंजिनाची नस न् नस ठाऊक, पोहण्याचं मात्र नाव काढायचं नाही.

नव्या कुरणाच्या ऐन मध्यावर अडेलतात्यांची मासेमारीची होडी उभी असायची. त्यांचं खरं नाव काय, हे गावात फारसं कुणाला आठवत नव्हतं. भरती-ओहोटीबरोबर होडी फिरली की नांगराची साखळी तळावर फिरायची आणि रोपं मुळासकट उपटून काढायची. थोरलीने हरप्रकारे विनवलं; किनारा, मासे, कार्बन, सगळं सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, "माझा बाप इथेच नांगर टाकायचा. तुझं गवत काल आलं."

शेवटी थोरलीने बंदर कार्यालयात अर्ज केला. होडी हलवायचा हुकूम निघणार, हे जवळजवळ नक्की झालं. तात्यांनी दोघींशी बोलणं टाकलं, आणि धाकटीनेही त्यांच्याकडे बघणं सोडलं.

त्याच सुमारास एका सकाळी थोरली खाली होती. पाणी गढूळ होतं. तिच्या कमरेच्या दोरीला एकाएकी हिसके बसू लागले. धाकटीने दोरी ओढली, ती हलेना. पुन्हा ओढली, तरी तेच. तात्या शेजारीच आपल्या होडीत जाळं उलगडत बसले होते.

"तात्या," धाकटीने हाक मारली, "ताई वर येत नाहीये."

त्यांनी काही विचारलं नाही. सुरी उचलली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. श्वासासाठी वर आले, परत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. धाकटी होडीच्या काठाला घट्ट धरून नुसती पाण्याकडे बघत राहिली. अखेर दोन डोकी एकदम वर आली. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं थोरलीच्या पायाला आणि पाठीवरच्या नळकांड्याला गुरफटलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती श्वास घेत होती.

दवाखान्यातून सुटल्यावर थोरली आधी बंदर कार्यालयात गेली आणि अर्ज मागे घेऊन आली.

"ताई, उपकार वेगळे, काम वेगळं," धाकटी म्हणाली. "किती जणांची मेहनत आहे त्या कुरणात."

"कळतं गं. पण ज्याने मला वर काढलं, त्याला हुकुमाने हलवू? दुसरी वाट शोधू. नाहीच सापडली, तर जेवढं वाचेल तेवढं वाचवू."

संध्याकाळी दोघी तात्यांकडे गेल्या. दार तात्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. "या. त्या दिवशी ओलेत्याने घरभर फिरले हो, नुकती फरशी पुसली होती मी," म्हणत त्यांनी थोरलीला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

"आभारबिभार राहू दे," तात्या आतूनच म्हणाले. चहा झाला. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "साखळी धरून उतरलो मी. बाजूला सगळं हिरवं, आणि माझ्या नांगराभोवती टक्कल. मला वाटायचं, तू उगीच बोंब मारतेस." मग त्यांनी विचारलं, "ते कार्बनचं काय म्हणतेस तू?"

"हे गवत कार्बन ओढून घेतं, तात्या. त्यातला बराचसा मुळांखालच्या चिखलात गाडला जातो. चिखल ढवळला नाही, तर आपल्या नातवंडा-पतवंडांनंतरही तिथेच राहील."

"आणि मी रोज ढवळतोय." त्यांनी कप खाली ठेवला. "अर्जाचं कळलं मला. हुकूम आला असता तर भांडलो असतो. आता सांग, होडी कुठे लावू?"

होडी फार लांब न्यावी लागली नाही. कुरणाच्या कडेला तळात मोठ्या स्क्रूसारखं एक जाड लोखंडी मळसूत्र पिळून रोवलं, त्याला दोर आणि दोराच्या मधोमध तरंगता गोळा बांधला. नांगराऐवजी होडी आता या दोराला बांधलेली असायची आणि दोर तळाला टेकतच नव्हता. थोरलीला अजून उतरायची मनाई होती, म्हणून तात्याच दुसऱ्या पाणबुड्याबरोबर खाली गेले आणि वर येऊन त्याच्याच चुका सांगत बसले.

पुढच्या उन्हाळ्यात थोरली पुन्हा उतरली. ते टक्कल कडेकडेने भरून आलं होतं. पात्यांमधून बोटाएवढ्या मासोळ्या पळत होत्या आणि पाणी इतकं नितळ होतं की वरच्या होडीचा तळ स्पष्ट दिसत होता. रस्त्याचा गेलेला भाग काही परत आला नव्हता, पण त्या वर्षी आणखी खचलाही नव्हता. एवढ्यात तो गवताचा प्रताप म्हणता येणार नाही, असं तिने सगळ्यांना बजावलं. तात्या मात्र हा गवताचाच प्रताप, असं सांगत सुटले.

त्या दिवशी घरी परतताना ती धाकटीला म्हणाली, "तात्यांचे आभार सगळ्यांनी मानले. तुझे राहूनच गेले."

"माझे कशाला? मी तर नुसती होडीत बसून होते."

"ज्याच्याशी अबोला होता त्याला हाक मारलीस. क्षणभरही अडली नाहीस."

धाकटीने इंजिनाचा वेग उगाचच वाढवला आणि तोंड वाऱ्याकडे फिरवलं. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बंदराचा धक्का येईपर्यंत तो तसाच राहू दिला.