डेन्मार्क बघून आलेला सेक्रेटरी

उपेंद्र आखातातल्या आमच्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी. कंपनीच्या खर्चाने डेन्मार्कला जाऊन आल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. तिथल्या साताऱ्याएवढ्या कुठल्याशा गावात त्याने एक फुटबॉल स्टेडियम पाहिलं, आणि मंडळाच्या मीटिंगला चहाच्या आधी आम्हाला त्याचे फोटो बघावे लागले. मीटिंग अल बर्शात माझ्याच घरी होती, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती.

चारी बाजूंनी छत, थंडीत गवताला खालून ऊब देतात म्हणे. इथे आमची पोरं खेळतात त्या प्लास्टिकच्या गवतावर आधी पाणी मारावं लागतं, नाहीतर बुटातून तळवे भाजतात. पण हा ‘वर्ल्ड क्लास, वर्ल्ड क्लास’ करत बोट सरकवत होता आणि कुमुद, अंबादास वगैरे शहाणी माणसं माझेच बटाटेवडे खात माना डोलवत होती.

मग गडी मुद्द्यावर आला. त्या स्टेडियमला एका कंपनीचं नाव आहे, प्रोफेशनल लोक असंच करतात, तेव्हा आपल्या कपलाही यंदापासून स्पॉन्सरचं नाव द्यायचं. स्पॉन्सर कोण, तर झुरळं मारणारी कंपनी.

कप म्हणजे ‘कै. अनिल स्मृती चषक’. अनिल माझे यजमान. शारजातल्या गोडाऊनमागच्या रेतीत, कुणी विचारत नव्हतं अशी पोरं गोळा करून त्यांनी ही स्पर्धा सुरू केली. ते गेल्यावर मंडळाने कपला त्यांचं नाव दिलं, तेव्हा भाषण करताना हाच उपेंद्र रडला होता. त्या नावापलीकडे ह्या देशात त्यांचं काही उरलेलं नाही. घरसुद्धा भाड्याचं.

मी उपेंद्रला सांगितलं, एवढ्या लांबून नाव पुसायची अक्कल तेवढी घेऊन आलास. तो हसला.

"वहिनी, फीलिंग्ज समजतात, पण जरा प्रॅक्टिकल व्हा ना. ट्रॉफीवर खाली ‘इन मेमरी’ टाकू कधीतरी, इन्शाल्ला."

नाही म्हणायचं असलं की उपेंद्रला इन्शाल्ला आठवतं.

बाकीच्यांनी बश्यांत डोकी घातली. मी म्हटलं, देवांशला विचारा. देवांश माझा मुलगा, इथेच जन्मलेला, टीमचा कॅप्टन. बापाचं नाव तो काढू देणार नाही ह्याची मला इतकी खात्री, की आतल्या खोलीतून मीच त्याला हाक मारून बोलावलं.

तो दारातच थांबला. "आई, आय ऑलरेडी सेड येस. अंकल आस्क्ड मी लास्ट वीक."

"आणि बाबांचं नाव?"

"नोबडी नोज हिम, आई. द बॉइज थिंक ही वॉज सम रेफरी."

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना?"

त्याने खांदे उडवले आणि फोनकडे बघितलं.

मला उपेंद्रची कीवच आली. माझ्या नवऱ्याला विसरायला त्या बिचाऱ्याला डेन्मार्कपर्यंत जावं लागलं होतं. मतं घ्या म्हटलं, आणि सगळ्यांत आधी हात मी वर केला. पोटच्या पोराला जे नाव सांगावंसं वाटलं नाही, ते मंडळाने कशाला सांभाळायचं?