मेहरमचा रकाना

हजच्या अर्जातले सगळे रकाने रुकय्याबींनी आपल्या वळणदार अक्षरात भरले होते. नाव, वय, पासपोर्ट, रक्तगट. एकच रकाना कोरा होता, मेहरमचा. मेहरम म्हणजे नवरा, नाहीतर ज्याच्याशी बाईचं लग्न कधीच होऊ शकत नाही असा जवळच्या नात्यातला पुरुष. त्याच्या सोबतीवाचून बाईचा अर्ज त्या वेळी सरकारदरबारी पुढे सरकतच नसे. आणि रुकय्याबींना भाऊ नव्हता, मुलगा नव्हता. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता.

खोतसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत होते. मूळचे खेडचे, पण हयात गेली ती दिल्लीत, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. निवृत्तीनंतर तिथल्याच द्वारका उपनगरात सोसायटीचा फ्लॅट घेतला, तेव्हा समोर नुसती माळरानं होती. आता तिथे मेट्रोचे खांब उभे राहत होते. दोघांनी मिळून हजला जायचं असा त्यांचा बेत होता. तो खोतसाहेबांबरोबर गेला. इच्छा मात्र मागे राहिली आणि गुडघे दर वर्षी थोडे अधिक कुरकुरू लागले.

त्यांनी जामिया नगरला जाऊन एका मौलानांना विचारलं. मौलाना वयस्कर होते, नीट ऐकून घेणारे.

"आप लोग कोकण के हैं? तो शाफ़ई होंगे," ते म्हणाले. "आपके यहाँ तो गुंजाइश है. फ़र्ज़ हज के लिए भरोसे की औरतों का साथ हो तो काफ़ी है. हम हनफ़ी लोगों में मेहरम ज़रूरी है."

"पण अर्जात शाफ़ई की हनफ़ी, कुठला पंथ, असं काही विचारत नाहीत," रुकय्याबी हिंदीत म्हणाल्या.

"नहीं पूछते," मौलाना म्हणाले. "दामाद है कोई?"

"था. तलाक हो गया."

"तलाक बेटी का हुआ है, आपका रिश्ता नहीं टूटा. सास दामाद पर हमेशा के लिए हराम है. वो आज भी आपका मेहरम है."

घरी परत येताना बसमध्ये रुकय्याबींच्या मनात हे वाक्य माशीसारखं घोंघावत राहिलं. एका टूरवाल्याने त्यांना आधीच सुचवलं होतं, "कागदावर भाऊ देतो, सगळे करतात." पण अल्लाहच्या घरी जायचं आणि उंबरठ्यावरच खोटं बोलायचं, हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. जावई मात्र खरा होता. तिथे खोटं काहीच नव्हतं.

शेजारच्या नीला दामले संध्याकाळी चहाला आल्या तेव्हा रुकय्याबींनी त्यांना सांगितलं.

"आमच्यात जावयाला दहावा ग्रह म्हणतात," नीलाताई म्हणाल्या. "पण तो लग्न मोडलं की सुटतो तरी. तुमच्यात तर जन्माचा चिकटला की हो."

रुकय्याबी हसल्या. मग म्हणाल्या, "पोरीला कसं सांगू? तस्नीमला?"

"सांगू नका, विचारा," नीलाताई म्हणाल्या आणि चहा संपवून गेल्या.

विचारायचं धाडस झालं नाही. पण जावयाला, मुनीरला, फोन केला. त्याचे वडीलही खेडचेच, खोतसाहेबांच्याच खात्यात होते; त्या ओळखीवरच लग्न जमलं होतं. मुनीर आता नोएडाच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, गाझियाबादच्या सबीहाशी त्याने दुसरं लग्न केलं होतं, आणि नशीब असं की त्याच वर्षी तो तिला घेऊन हजला निघाला होता.

"अम्मी, त्यात विचारायचं काय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी मी मुलगाच आहे. रविवारी येतो. तस्नीमलाही भेटायचं आहे. हजला जायच्या आधी सगळ्यांची माफी मागायची असते ना."

शनिवारी तस्नीम ऑफिसच्या कॅबमधून उतरून घरी आली तेव्हा रुकय्याबींनी एका दमात सांगून टाकलं. तस्नीम चप्पल काढत होती. तिने दुसरी चप्पल पायातच ठेवली.

"तू त्याच्यासोबत जाणार? चाळीस दिवस?"

"त्याची बायको असेल बरोबर. मला दुसरं कोण आहे, सांग."

"कुणीच नाही," तस्नीम म्हणाली. "जा तू. तुझं फर्ज आहे. मी कोण अडवणारी."

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती मनगटाला प्लास्टर घालून माहेरी आली होती, बाथरूममध्ये पडले म्हणाली होती, तेव्हाही तिचा आवाज असाच सपाट होता. रुकय्याबींनी तेव्हा पुढे काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तराचं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

रविवारी मुनीर मिठाई घेऊन आला. सबीहा त्याच्या मागून आली आणि सोफ्याच्या कडेला बसली. बारीक चणीची, चोविशीची पोर. तिला मराठीचा गंध नव्हता. सगळे बोलत तेव्हा ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून उगीच हसत होती.

अर्जाचं बोलणं झालं. आठवडाभरात द्यायचा होता. मग मुनीरने रुमालाने तोंड पुसलं आणि तो तस्नीमकडे वळला.

"तस्नीम, हजला निघालोय. कधी काही कमीजास्त झालं असेल तर मनातून काढून टाक. मला माफ कर."

"काय कमीजास्त झालं?" तस्नीमने विचारलं.

"असं काय करतेस. संसारात भांड्याला भांडं लागतंच."

"माफ करते," तस्नीम म्हणाली. "एकच कर. हेच हिंदीत बोल. काय केलंस तेही सांग. हिलाही कळू दे."

मुनीर हसला. "जुनं उकरून काय मिळणार? अम्मी, तुम्ही सांगा तिला."

सगळे रुकय्याबींकडे बघू लागले. सबीहाही. टेबलावर अर्ज होता, मुनीरचं पेन त्यावर उघडं पडलं होतं. नुसतं 'जाऊ दे गं' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तस्नीमने ऐकलंही असतं. रुकय्याबींना क्षणभर लेकीचा राग आला. हे सगळं अर्ज दिल्यावर काढलं असतं तर काय बिघडत होतं? आणि त्या रागाचीच त्यांना शरम वाटली.

"मुनीर, हिंदीत बोल," त्या म्हणाल्या.

"अम्मी, तुमच्या हजचा प्रश्न आहे."

"कळतं मला."

त्याने अर्जावरचं पेन उचलून टोपण लावलं. सबीहाने हळूच विचारलं, "अम्मी, क्या हुआ?"

मनगटाचं कोणी कधीच बोललं नव्हतं. खोतसाहेब ते मनात घेऊन गेले होते. रुकय्याबींच्या तोंडून ते आलं तेही परक्या भाषेत, परक्या पोरीसमोर.

"बेटी, मेरी लड़की का हाथ इसने तोड़ा था. मैं इसके साथ नहीं जाऊँगी."

मुनीर उठून उभा राहिला होता. सबीहा बसूनच होती. तिने ओढणी सारखी केली आणि खाली बघत म्हणाली, "जी. मालूम है."

"चलो," मुनीर म्हणाला.

ती उठली, मिठाईची पेटी नीट टेबलाच्या मध्यावर सरकवली, जणू यजमानीण तीच होती, आणि त्याच्या मागून निघून गेली. जिन्यात मुनीरच्या बुटांचा आवाज ऐकू येत होता, तिच्या पावलांचा नाही.

हजचं काय, हे तस्नीमने विचारलं नाही. ते दोघींनाही माहीत होतं. तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अम्मा, ती 'मालूम है' म्हणाली."

"हो."

"त्याने सांगितलं नसणार तिला."

"नाही."

"तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

रुकय्याबींनी नकारार्थी मान हलवली. तिच्या माहेरचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता, बापाचं नावही नाही. फोन करायचा तर एकच नंबर होता, मुनीरचा, आणि उचलणार तोच होता.