तापीच्या पुराची तार

समुद्राला भ्यायचं, नदीला कशाला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक पावसाळा सुरतेच्या बंदरात काढावा. बाहेर उभ्या आगबोटींवर कापसाच्या गाठी पोचवणाऱ्या मोठ्या होड्यांना तिथे पडाव म्हणतात. दर्या खवळला की हे पडाव तापीच्या पात्रात आणून बांधतात. आणि घाला पडतो तो पाठीमागून, आमच्या खानदेशातून. तिकडे आभाळ स्वच्छ असताना इकडचा पूर जाऊन थडकतो, दोर तुटतात आणि पडाव माणसांसकट समुद्रात जातात.

तानुबाईचा नवरा पुना असाच एका पडावावर राखणीला होता. होळीला घरी आला तेव्हा हे सगळं त्याने हसत हसत सांगितलं. त्याला काय जातंय हसायला! तेव्हापासून तानुबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. पाऊस लागल्यापासून तर ती भाकरी थापता थापता उठून नदी बघून यायची.

श्रावणात तापी फुगली. गावातल्या बायका खण-नारळ घेऊन निघाल्या. पुराचं पाणी गावाशी आलं की त्याची ओटी भरल्याशिवाय या काठाला कोणी जेवत नाही. तानुबाई मात्र उलट्या दिशेला निघाली. सासरे लोटन आबा दारात आडवे आले.

"कथा जाई ऱ्हायनी? पहिले तापीमायनी ओटी भर."

"माय उतावळी शे, आबा. माले तिना पहिले सुरतले पोचनं शे."

चिखल तुडवत तिने अमळनेर गाठलं. तारमास्तर कुरकुरला, पण ती टेबलापुढून हलेना. शेवटी त्याने मजकूर विचारला. तापीला मोठा पूर आलाय, उद्या तिकडे पोचेल, एवढंच तिने पुनाच्या नावे सांगितलं. पुढचं शहाण्या माणसाला कळतंच, असं तिला वाटलं. घरी आली तरी तिची येरझार थांबेना.

काही दिवसांनी धुळ्याचा खाजा आला. तो पुनाच्याच जोडीला कामाला होता. ओट्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. तार वेळेवर पोचली होती. मालकांनी पडाव बाजूच्या खाडीत ओढून घेतले, माणसं उतरवली. पुनाही उतरला. धक्क्यावर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. मग तो बाजारात जाऊन खण-नारळ घेऊन आला आणि घाटाच्या खालच्या पायरीवर जाऊन उभा राहिला.

"मी बहू सांगं तेले, भाभी. तो म्हने, मन्हा गावनं पानी ये ऱ्हायनं. घरनी बाई आठे नही, ओटी मीच भरसू."

पाणी आलं ते पायऱ्या गिळतच आलं.

तानुबाई रडली नाही, भांडली. खाजाशी, आबांशी, तापीशी, आणि सगळ्यांत जास्त स्वतःशी. दूर राहा, एवढं सांगायला काय झालं होतं तिला? जाताना खाजा चाचरत म्हणाला की बाकीचे सगळे वाचले, पुढच्या पुरालाही तार करजो. तिने त्याला अंगणाबाहेर काढलं.

भादव्यात तापी पुन्हा चढली. तानुबाई घरात भांडी आदळत राहिली. नदीकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण शेवटी पदर खोचला, काठावर गेली, ओठ आवळून ओटी भरली आणि तशीच अमळनेरच्या वाटेला लागली.

मास्तरने मजकूर विचारला.

"पूर ये ऱ्हायना. काठवर कोनी जावानं नही. ओटी आठेच भरेल शे."

तार कोणाच्या नावे, असं त्याने विचारलं. तिच्या ओठांवर पुनाचंच नाव आलं. ते गिळून तिने खाजाचं सांगितलं.