फुलांच्या चौकटीतली यादी

शाळेत तुम्ही कधी सगळ्यांच्या आधी पोहोचला आहात का? नसाल, तर आज माझ्याबरोबर कल्पना करा. भातकुलीजवळच्या एका गावातली शाळा आहे. प्रार्थनेला अजून तासभर आहे. वर्गांना कुलपं आहेत आणि तुमच्याच चपलांचा आवाज तुम्हाला मोठा वाटतो आहे. व्हरांड्यातल्या मोठ्या फळ्यासमोर एक मुलगी उभी आहे. तिच्या शेजारी जाऊन उभे राहा. तिथे बऱ्याच दिवसांत कोणी उभं राहिलेलं नाही.

ही वर्षाली, सातवीतली. तिचं अक्षर शाळेत सगळ्यांत छान, म्हणून फळा लिहिण्याचं काम तिचं. ती लवकर येते, कारण घरी थांबून करायचं काय? दिवाळीत बाबांची कंबर धरली आणि भाजीचा गाडा बंद पडला. तेव्हापासून आई नांदगाव पेठेत कपडे शिवायच्या कारखान्यात जाते, सहा वाजताच्या गाडीनं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. 

शिपाई नत्थुजींनी तिला घडी केलेला कागद दिला.

"मॅडमनं ठेवला होता तुयासाठी. पोरं यायच्या आधी लिवून टाक."

वर्षालीनं लाल खडूनं मथळा लिहिला : गरीब व होतकरू विद्यार्थी. शनिवारी कोणीतरी पाहुणे येणार होते, दप्तरं वाटणार होते. मग पांढऱ्या खडूनं एकेक नाव उतरवायला सुरुवात केली. तीन नावं झाली. चौथं वाचलं आणि तिचा हात थांबला.

चौथं नाव तिचंच होतं.

तिनं कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. नाव तेच राहिलं.

"काय झालं वं? खडू संपला काय?" नत्थुजींनी झाडता झाडता विचारलं.

"नाई. काका, हे नावं फळ्यावर काहून लिवा लागते?"

"दरसालच लिवतो ना आपण. मांगच्या साली त तू फुलंबी काढले होते."

काढली होती. मागच्या वर्षी तिनं या यादीला चारी बाजूंनी जास्वंदीच्या फुलांची चौकट काढली होती. यादीत दुसरं नाव प्राजक्ताचं होतं. प्राजक्ता तिची मैत्रीण. रोज सकाळी तीच फळ्यावर सुतळी ताणून धरायची आणि वर्षाली ओळी आखायची. यादी लिहिली त्या दोन दिवसांत मात्र प्राजक्ता मावशीकडे अचलपूरला गेली होती. परत आली तेव्हा फळ्यासमोर मुलांचा घोळका उभा होता आणि वर्गातला नितेश ओरडला होता, "आली पाहा होतकरू! ए होतकरू, डब्यात काय आणलं वं आज?"

सगळे हसले होते. वर्षालीही थोडी हसली होती.

नंतर कितीतरी दिवस प्राजक्ताला त्याच नावानं हाक मारत होते. शब्द काही शिवी नव्हता. मेहनती, पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलांना तसं म्हणतात. पण प्राजक्तानं सुतळी धरायला येणं बंद केलं, ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. 'काहून रागावली?' असं वर्षालीनं दोनदा विचारलं आणि उत्तर मिळालं नाही म्हणून सोडून दिलं. तिला वाटलं होतं, आपण तर किती सुंदर फुलं काढली!

आज रिकाम्या व्हरांड्यात तिला उत्तर मिळालं, पण सांगायला जवळ कोणी नव्हतं. स्वतःचं नाव गाळलं तर? कोणाला कळणार नाही. पण कागदावर पाचवं नाव प्राजक्ताचं होतं. ते तरी आता कोणत्या हातानं लिहायचं?

तिनं ओलं फडकं घेतलं आणि सगळा फळा पुसला.

"अवं, पुसलं काहून? अक्षर त झकास होतं!"

"चुकलं, काका."

तिनं पांढऱ्या खडूनं लिहिलं : शनिवारी दप्तर न्यायला यायचं आहे. त्याखाली एकचा आकडा घालून स्वतःचं नाव लिहिलं. मग दोनचा आकडा घातला आणि पुढची जागा कोरी ठेवून ती फाटकाबाहेर पडली.

"कुठं चालली? पोरं येतीन आता!"

प्राजक्ता पलीकडच्या वस्तीतून चालत येत असे. कपाशीच्या कडेनं येताना ती दिसली. वर्षालीला पाहून तिनं मान वळवली आणि भरभर पुढे निघाली. वर्षाली धापा टाकत तिच्या बरोबरीनं चालू लागली.  ती म्हणाली, "मांगच्या साली म्या तुयं नाव तुले न विचारता लिवलं. अन् हसलीबी. औंदा मायंबी नाव हाय. तुयं लिवू काय?"